गिनतीला बसणारा रंगनाथ

दिवस मावळायला लागला की रंगनाथ हातातलं काम टाकून भिंतीशी जाऊन उकिडवा बसायचा. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर समोर. कुणी हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. माझ्या अंगणात शिपाई नव्हता, कुलूप नव्हतं, आणि भिंत तर कमरेएवढीच. तरी तो बसायचा. जेलात त्या वेळेला गिनती होते. कैद्यांना जोडीजोडीनं बसवून मोजतात आणि मग बराकीला कुलूप लावतात. इतकी वर्षं तेच केलं, तर अंगाला वळण पडणारच. मी एकदा म्हणालो, "अरे, हे घर आहे, उगं कशाला बसतोस?" तर म्हणाला, "दाजी, मी न्हाई बसत. गुडघे बसतेत."

आमची कौसा खाटेवर पडून हे पाहायची. पहिल्या दिवशी तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पांघरुणातून हात बाहेर काढला, एक बोट वर केलं आणि म्हणाली, "एक. एक हाय. बराबर हाय. ऊठ मेल्या, चहा गार व्हऊन राह्यला." तो उठला आणि पायजमा झटकून चहाला बसला. तेव्हापासून तिनं मोजल्याशिवाय तो उठायचा नाही आणि त्याला मोजल्याशिवाय ती औषध घ्यायची नाही.

रंगनाथ माझा मेव्हणा. कौसाचा धाकटा भाऊ. मी चार बुकं शिकलेला माणूस, लिहिण्याची मला सवय नाही. पण गावात त्याला "पॅरोलवरून पळालेला" म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्याला धड पाहिलेलंही नाही, नुसतं ऐकलेलं आहे. मी त्याला चड्डीत होता तेव्हापासून पाहिलं आहे, म्हणून मला सांगायचं आहे.

त्याची माय गेली तेव्हा तो फार लहान होता. कौसानंच त्याला अंगाखांद्यावर वाढवला. आमचं लग्न झालं तेव्हा नवरी सासरी निघाली आणि हा तिच्या पदराला लोंबकळून रडायला लागला. शेवटी तिनं त्याला कडेवर घेतलं. केदारखेड्याच्या वेशीत माझी वरात आली ती अशी, मुंडावळ्या बांधलेली नवरी आणि तिच्या कडेवर शेंबडं पोरगं. लोक पोट धरून हसले. माझा बाप म्हणाला, "हुंड्यात मेव्हणा भेटला." आम्हाला पुढं मूलबाळ झालं नाही. त्यामुळं हुंड्यातला मेव्हणा हाच आमचं लेकरू झाला.

त्याची एक खोड होती. खोटं बोलायचा नाही असं मी म्हणणार नाही, कारण साधूबिधू तो नव्हता. पण केलेली गोष्ट कुणी विचारायच्या आधी जाऊन सांगायचा. शेजारच्या मळ्यात मोसंबीची झाडं होती. एकदा मळ्याचा मालक दारात आला आणि हसत म्हणाला, "तुमचा पोरगा सकाळी मह्याकडं येऊन गेला. म्हणतो, तुमच्या दोन मोसंब्या तोडल्या, एक आंबट निघाली. आता मी त्याला रागवू का दुसरी देऊ?" कौसानं त्याचा कान पिळला. कान हातात असतानाच हा म्हणाला, "केलं ते केलं म्हणावं ना, आक्का? तूच तं सांगती." हे वाक्य पुढं आयुष्यभर त्याच्या तोंडात राहिलं. त्याचं नुकसानही या वाक्यानंच केलं.

मोठा झाल्यावर तो आपल्या गावी गेला, बापाची जमीन कसायला लागला. विहीर चुलतभावाच्या सामाईकात होती. पाण्याच्या पाळीवरून दोघांची रोजची तणतण. एके दिवशी भर दुपारी ती वाढली आणि रंगनाथनं हातातली पहार मारली. एकदाच मारली. सुदाम, म्हणजे तो चुलतभाऊ, जागीच गेला. रंगनाथ पहार घेऊन चालत ठाण्यात गेला आणि म्हणाला, "मी मारलं. मेला." वकिलानं सांगून पाहिलं, की तो आधी अंगावर आला म्हण. हा म्हणाला, "त्याच्या हातात काय व्हतं? टावेल व्हता. टावेलाला भिऊन कोणी पहार मारतं का?" दहा वर्षांची शिक्षा झाली. बायकोनं दुसरं घर केलं. ते कळलं तेव्हा म्हणाला, "बरं केलं तिनं. तिनं कोणाला मारलं व्हतं?"

पॅरोलवर आमच्याकडं आला तेव्हा मी पाहिलं, सकाळी उठला की चूळ भरायच्या आधी तो हळूच बोलायचा, "सुदाम, चुकलं." मग तोंड धुवायचा. देवाचं नाव त्यानंतर.

त्याच्या शिक्षेतला थोडा काळ राहिला होता. चांगल्या वागणुकीची माफी धरून दिवाळीला सुटेल असं जेलातून सांगत होते. कौसानं तर दिवाळीला त्याला कोणत्या खोलीत झोपवायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आणि मधेच तिच्या पोटात गाठ निघाली. नवीन जालन्याला दवाखाना केला, सुया झाल्या, मशिनी झाल्या. डॉक्टर शेवटी म्हणाले, बाबा, आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला.

तिला खायला काहीच नको होतं. तिला लुगडं पाहिजे होतं. आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. भावानं आणायचं. नवऱ्यानं कितीही भारीचं घेतलं तरी ते चालत नाही. मला म्हणाली, "तुम्ही मला जन्मभर नेसवलं, तुमच्यावर मही तक्रार न्हाई. पण जाताना मह्या बापाच्या घरचं पाहिजे. रंगा आणंल." बापाच्या घरचं म्हणावं असं जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते जेलात होतं.

पॅरोलसाठी किती हेलपाटे घातले ते सांगत नाही. मिळाला. मोजक्या दिवसांचा मिळाला, वर परत हजर व्हायची तारीख. हातात एक पिशवी घेऊन रंगनाथ दारात उभा राहिला. कौसा म्हणाली, "किती वाळलास रे." तो म्हणाला, "अन् तू काय पहिलवान झालीस का?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं लुगडं घ्यायला जुन्या जालन्यात गेलो. गल्लीतलं जुनं दुकान. दुकानदारानं गादीवर ढीग टाकला. रंगनाथनं एक हिरवं काढलं, लाल काठाचं, उजेडात नेऊन पाहिलं आणि किंमत विचारून थेट घासाघीस सुरू केली. मी त्याची बाही ओढली. शेवटच्या कापडाचा भाव कुणी करत नसतं. सांगतील ते द्यायचं आणि मान खाली घालून निघायचं, हीच रीत. पण हा ऐकेना. दुकानदाराला मोठ्यानं म्हणाला, "शेठ, हे मह्या बहिणीचं पाठवणीचं कापड हाय. दाजी म्हणतेत ह्याचा भाव करू न्हाई. पण मही आक्का जिती हाय अजून! जित्या माणसाच्या कापडाचा भाव करतेत का न्हाई, तुम्हीच सांगा."

दुकानदारानं कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "करा भाव. पाहिजे तेवढा करा." आणि दोघं असे भांडले म्हणता! काठ कच्चा आहे, रंग जाईल, पलीकडच्या दुकानात स्वस्त आहे. शेठनंही मुद्दाम लवकर खाली उतरायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. चहा आला, तो पिऊन पुन्हा भांडले. मी बाकड्यावर बसून ऐकत राहिलो. जोपर्यंत भाव ठरत नव्हता तोपर्यंत कौसा मरणार नव्हती, असं काहीतरी माझ्या मनात आलं. भाव ठरला तेव्हा मला बरं वाटलं नाही.

घरी आल्यावर कौसानं काठावरून बोटं फिरवली. "काठ बारीक हाय."

"एवढ्यात भागव. दुसरं न्हाई आणणार."

"एकदा नेसून पाहू का?"

"नेसलीस तं जुनं व्हईल. मंग नवं आणावं लागंल."

"मंग नेसतेच," ती म्हणाली. दोघं बहीणभाऊ हसायला लागले आणि तिला खोकल्याची उबळ आली. लुगडं उशाखाली ठेवलं.

कुणाच्या मरणाची वाट पाहू नये म्हणतात. आम्ही वाट पाहत नव्हतो, पण तारीख तर पाहत होतो. रोज सकाळी तिची छाती हलते का ते पाहायचं आणि हलताना दिसली की जिवाला बरं वाटायचं. आणि त्याच वेळी मनात यायचं, की एक दिवस अजून कमी झाला. देवापुढं उभं राहून काय मागावं ते मला कळेना. जगव म्हणावं तर हा अडकतो. ने म्हणावं तर ती माझी बायको आहे. मी नुसता हात जोडून परत यायचो. मुदत वाढवून द्या म्हणून अर्ज केला, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं. उत्तर आलं तेव्हा तेरावासुद्धा होऊन गेला होता.

तारीख आली आणि गेली. रंगनाथ गेला नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यातले जमादार आले. दारातूनच त्यांनी खाट पाहिली, पाणी मागून घेतलं, तांब्या रिकामा केला. "रंगनाथ, तू हितं हाय हे मला दिसून राह्यलं न्हाई," ते म्हणाले. "पण कागदाला दिसतं. मी काय करू?" आणि गाडीला किक मारून गेले. वाईट माणूस नव्हता.

कौसाला आम्ही सांगितलं नव्हतं. पण तिनं विचारलं तेव्हा तो काय खोटं बोलणार?

"रंगा, तुही तारीख कधी?"

"परवा गेली."

"मंग हितं काय करून राह्यलास?"

"बसलोय."

"अरे मुडद्या! मी मरायला टाइम लावून राह्यले म्हणून तू जेलात कुजतो का?"

"मंग मर ना जल्दी."

ती हसली. खरंच हसली. मग हसता हसता थांबली आणि बारीक आवाजात म्हणाली, "येईना रे. मी काय करू? मी तं तयार हाय." तो तिचे पाय दाबत राहिला. मी उठून गोठ्यात गेलो. गोठ्यात आता गुरंही नाहीत, तरी गेलो.

अजून काही दिवस ती राहिली. एका सकाळी गेली, चहाच्या वेळेला. बायांनी ते हिरवं लुगडं नेसवलं, रंगनाथनं कपाळाला मळवट भरला. खांदा त्यानं दिला, मी दिला. संध्याकाळी माणसं पांगली आणि मी पाहतो तर हा भिंतीशी उकिडवा बसलेला. अंधार पडला तरी उठेना. हलेना. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बोट वर केलं आणि म्हणालो, "एक. बराबर हाय. ऊठ." तेव्हा उठला.

त्याच रात्री मी त्याला सांगितलं, "ज्याच्यासाठी राहिलास ते झालं. सकाळच्या गाडीनं नीघ." त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"दाजी, तुम्हाला भाकर येती का?"

मला चहासुद्धा येत नव्हता. मी म्हणालो, शेजारीपाजारी देतील कुणी. "देतेत. महिनाभर देतेत," तो म्हणाला. "मंग नुसतं बघतेत." आणि तो राहिला. लोकांना म्हणाला, दहावा करून जातो. दहावा खरा होता, पण राहिला तो मला भाकरी शिकवायला. जेलात शेकड्यांनी माणसांचा स्वयंपाक केलेला माणूस. माझ्यापुढं परात ठेवायचा आणि स्वतः हात मागं बांधून बसायचा. "ज्वारीला कढत पाणी पाहिजे. भिता कशाला, हात भाजला तं भाजला. मळा अजून. अजून. पिठाला घाई कळती, दाजी." माझी भाकरी थापताना मधोमध फाटायची. तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन देश व्हायचे. तो ती फाटकी भाकरी निमूट खायचा आणि म्हणायचा, "जेलात ह्याच्यापेक्षा वाईट खाल्ली. पण ती मीच केल्ती."

दहावा झाला. घाटावर कावळा लगेच शिवला. दुसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन निघाला. कुणी धरायला आलं नव्हतं. स्टँडवर मला म्हणाला, "भिऊ नका. मी काय पळालो न्हाई, राह्यलो व्हतो. पळालेला परत येत नसतो." हेच तो जेलच्या दारावर बोलला म्हणे. आपल्या पायानं गेलं की गुन्हा मिटतो असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं. आमच्याकडं चुकून दुसऱ्याच्या रानात गेलेलं जनावर आपणहून परत आलं की कोंडवाड्यात घालत नाहीत.

पण मिळालेली माफी कापली गेली, आणि वर वेगळा खटला. कैदेत असताना केलेला गुन्हा. रजेवर असला तरी माणूस कैदेतच असतो, फक्त कुलूप दिसत नाही, असं मला वकील पोरीनं समजावून सांगितलं. सरकारनं दिलेली वकील होती, चलाख आणि मायाळू. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही साक्ष द्या. ते कशासाठी थांबले ते कोर्टाला कळू द्या. शिक्षा झाली तरी जुन्या शिक्षेसोबतच भोगायला मिळाली तर दिवस वाढणार नाहीत. नाहीतर जुनी संपल्यावर ही सुरू होईल." तेवढीच एक आशा होती. मी धुतलेलं धोतर नेसून तालुक्याच्या कोर्टात गेलो. काय बोलायचं ते गाडीत घोकत गेलो. मॅडम, तो माझ्यासाठी थांबला. मला चूल पेटवता येत नव्हती.

जज मॅडमनी त्याला विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"राह्यलो हे कबूल. पळालो न्हाई."

"वेळेवर परत न जाणं, हाच गुन्हा आहे. तो कबूल आहे का?"

रंगनाथनं थोडा विचार केला. "हाय. तेवढं हाय. केलं ते केलं."

झालं. कबूल केलं म्हटल्यावर साक्षीदार लागत नाही. मी बाकावर तसाच. वकील पोरीनं हात जोडून सांगितलं, बहीण गेली, स्वतःहून हजर झाले, त्यांना मनापासून पश्चात्ताप झालेला आहे, दोन्ही शिक्षा सोबत भोगू द्याव्यात. मॅडम ऐकत होत्या. चष्मा काढून ऐकत होत्या. मला वाटलं, देतील. तेवढ्यात हा मधेच बोलला, "न्हाई मॅडम. पोरगी मह्यासाठी बोलून राह्यली, पण तसं न्हाई. पश्चात्ताप पहिल्या गुन्ह्याचा हाय. रोज सकाळी हाय. ह्याचा न्हाई."

वकील पोरीनं डोळे मिटून घेतले. मॅडमनी शांतपणे विचारलं, "बहीण गेल्यावर तरी लगेच का नाही गेलात?" आता सांगेल, असं मला वाटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. भरल्या कोर्टात सत्तरीच्या माणसाला भाकरी येत नाही हे तो कसं सांगेल? "दहावा व्हायचा व्हता," तो म्हणाला. मी उठून उभा राहिलो. "मॅडम, त्यानं मला..." एवढंच तोंडातून निघालं. शिपाई ओरडला, "ए बाबा, बसा खाली! मधे बोलायचं न्हाई." मी बसलो.

सहा महिने. चालू शिक्षा संपल्यावर भोगायचे. मॅडम वाईट नव्हत्या. कायदा मोजून दिवस देतो, आणि कौसाचं मरण त्यात बसलं नाही. कुणावर रागावू? ज्याच्यावर रागवावं असं कुणी सापडलं असतं तर माझं मन थोडं हलकं झालं असतं.

बाहेर ओसरीवर पोलिसांनी आम्हाला बोलू दिलं. एका हाताला बेडी, तरी हा मजेत. पहिला प्रश्न काय विचारला?

"भाकर फाटती का अजून?"

"फाटते."

"पाणी कोमट घेत असाल. कढत घ्या म्हणलं व्हतं ना?"

मी म्हणालो, "अरे गाढवा, पश्चात्ताप आहे एवढं म्हणाला असतास तर तुझं काय गेलं असतं?"

तो म्हणाला, "दाजी, तसं म्हणलं असतं तं आक्काचं लुगडं आणलं हे चुकलं असं झालं असतं. सुदामला मी रोज चुकलं म्हणतो. दोन्ही एकाच तोंडानं कसं म्हणू?" मग हसला. "आता एक ध्यानात ठेवा. तुम्ही तरी तारखेत बसून मरा. मी सुटल्यावर मरा. आता पुन्हा मही सुट्टी वाया घालवू नका."

पोलीसही हसला. गाडी आली, त्याला चढवलं. जाळीतून त्याचा हात दिसला तेवढाच.

त्याच्या सुटकेला अजून वेळ आहे. मला दम लागतो, डोळ्याला कमी दिसतं. तारीख माझ्या हातात नाही, हे त्यालाही माहीत आहे. पण सांगितलं आहे, म्हणून सकाळी उठतो, कढत पाणी करतो.

काल भाकरी फाटली नाही. तव्यावर टम्म फुगली. मी ती उलथन्यावर धरून वळलो, दाखवायला. खाट उभी करून ठेवली आहे, तिथं कोण पाहणार. दिवस मावळायला आला होता. भाकरी झाकून ठेवली आणि भिंतीशी जाऊन उकिडवा बसलो. माझे गुडघे त्याच्यासारखे बसत नाहीत, दुखतात. बराच वेळ वाट पाहिली. मग मीच बोट वर केलं आणि म्हणालो, एक. पुढचं "बराबर हाय" काही तोंडातून निघेना.